पुराव्याच्या बाई

आमच्या बाईंना 'चांगला' हा शब्द चालत नसे. इतर दिवशी फळ्यावर चालायचा, वहीत चालायचा. पण शनिवारची सकाळची शाळा असली आणि आम्ही कडुलिंबाखाली गोल करून बसलो, की 'चांगला' रजेवर. त्याच्या जोडीला 'छान' आणि 'मस्त'ही. बाई हजेरी घेतल्याच्या सुरात जाहीर करायच्या, "चांगला, छान आणि मस्त आज रजेवर आहेत. त्यांच्यावाचून ज्याचं अडेल त्यानं डोकं खाजवावं." आणि आम्ही तिसरी-चौथीची पोरं खरोखरच डोकं खाजवत बसायचो.

गावात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आम्ही 'बाई' म्हणायचो आणि त्यांच्या माघारी अख्खं गाव 'पुराव्याच्या बाई' म्हणायचं. परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं त्या पिंगळीला उतरायच्या, तिथून मिळेल त्या टमटमनं फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून आमच्या गावापर्यंत पायी. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती पायाला धरली की सोडत नाही. बाई चपला हातात घेऊन यायच्या, शाळेच्या हापशावर पाय धुवायच्या आणि धुता धुताच आत दंगा करणाऱ्याला नाव घेऊन हाक मारायच्या. नाव कधी चुकायचं नाही.

गोलाचा खेळ असा. बाईंनी जुन्या साडीच्या चिंध्यांचा एक चेंडू शिवला होता. चेंडू ज्याच्या हातात येईल त्यानं शेजारच्याचं नाव घ्यायचं, नावाआधी एक विशेषण लावायचं, आणि ते का लावलं त्याचा घडलेला प्रसंग सांगायचा. ऐकीव नको, डोळ्यांनी पाहिलेला. लगेच बाकीचे ओरडायचे, "पुरावा?" प्रसंग ऐकून गोलानं ठरवायचं, कबूल की नाकबूल. आणि ज्याचं विशेषण चाललंय त्यानं तोवर तोंड उघडायचं नाही. "आपण लोकांना कसे दिसतो ते आधी ऐकून घ्यावं, हातपाय मागाहून आपटावेत," असं बाई म्हणायच्या. हा नियम पाळणं पोरांना सगळ्यात जड जायचं.

विशेषणांची आमच्या गावात तशी काही टंचाई नव्हती. लंगडा शिवा, चकणी सखू, बोबडा नामा, ढापण्या. मूल धड चालायला लागायच्या आत गाव एक शब्द त्याच्या कपाळावर मारायचं आणि तो मरेपर्यंत निघायचा नाही. मी कमी बोलायची म्हणून मला 'घुमी' म्हणायचे. आई हाक मारायची ती मंगल म्हणून, पण दुकानात, विहिरीवर, देवळात मी घुमीच. बाईंनी पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं होतं, "गावानं दिलेलं नाव गोलात आणायचं नाही. ते कुणी तपासलेलं नसतं." मला तेव्हा ह्या बाई फार आवडल्या. का आवडल्या ते सांगता आलं नसतं, कारण त्यासाठीही तोंड उघडावं लागलं असतं.

माणसांची विशेषणं झाली की गोष्ट सुरू व्हायची. एकानं एक वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं पुढचं. पण "एक होता राजा" एवढ्यावर चेंडू पुढं सरकायचा नाही. "कसा होता?" बाई विचारायच्या. मोठा, शूर, दयाळू ही आमची ठरलेली उत्तरं. बाई मान हलवायच्या. "हे शूर-दयाळू भाड्याचे कपडे आहेत. सगळेच राजे घालतात. आपल्या राजाचं स्वतःचं काही सांगा." एकदा नामा म्हणाला, "तुरट." सगळे हसले. तुरट सुपारी असते, कच्चं केळ असतं, राजा कसा तुरट असेल? "पुरावा?" नामा बोबड्या बोलीत म्हणाला, "त्याच्यापुढं उभं ऱ्हायलं की तोंडातलं तोंडात ऱ्हातंय. बोलताच येत न्हाई." एकदमच सगळे ओरडले, "कबूल!" तो तुरट राजा पुढं वर्षभर आमच्या गोष्टीत राहिला. त्याला एक झोपाळू प्रधान मिळाला, एक हिशेबी हत्ती मिळाला, आणि नामाला त्या दिवसापासून शाळेत कुणी बोबडा म्हटलं नाही. त्याचं विशेषण 'राजा शोधणारा' असं झालं.

पुराव्याच्या बाबतीत बाई कुणाची गय करत नसत. आमच्याकडे कशावरही शपथ खायची पद्धत. पोखर्णीचा नरसिंह तर पोरांच्या जिभेवरच. कुणी प्रसंग सांगताना अडला की गळ्याला चिमटा घेऊन म्हणायचा, "नरसिंहाची आण, बाई, म्या सोता पाह्यलंय." बाई शांतपणे म्हणायच्या, "देवाला साक्षीला बोलावू नकोस, त्याला बाकीची कामं आहेत. तू काय पाहिलंस ते सांग."

एकदा तपासणीला साहेब आले, तो नेमका शनिवार. साहेब हौसेनं गोलात बसले आणि चेंडू त्यांच्याकडे आला. शेजारी मुख्याध्यापक. साहेबांनी भाषणाच्या सवयीनं म्हटलं, "कर्तव्यदक्ष मुख्याध्यापक!" आणि चौथीतली शबाना सवयीनंच ओरडली, "पुरावा?" मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. नियमाप्रमाणे त्यांना बोलताही येईना. साहेब मात्र दिलदार निघाले. बराच विचार करून म्हणाले, "मी कधीही फोन लावला तरी हे उचलतात. रविवारीसुद्धा." गोलानं आपसात सल्लामसलत केली. कर्तव्यदक्ष नाकबूल, 'फोन उचलणारे हेडमास्तर' कबूल. साहेब जाताना बाईंना म्हणाले, "मॅडम, ह्या पोरांना आमच्या ऑफिसात पाठवू नका बरं." त्यांची जीप गेल्यावर मुख्याध्यापक आधी हसले, मग आम्ही हसलो.

माझ्याकडे चेंडू आला की खेळ अडायचा. चेंडू मांडीवर घेऊन मी बसून राहायची. शब्द सुचत नव्हता असं नाही. पाच-सहा सुचायचे, आणि त्यातला एक दाराबाहेर काढायचा म्हटलं की बाकीचे वाट अडवायचे. पोरं वैतागायची. "बाई, ती घुमी हाय, पुढं द्या ना." बाई म्हणायच्या, "थांबू आपण. तिचा शब्द वाटेत आहे." असं सांगायच्या, जणू पाहुणा पिंगळीला उतरलाय आणि टमटमची वाट बघतोय. तरी कित्येक शनिवार माझा पाहुणा काही आला नाही, चेंडू तसाच पुढं जायचा. बाईंनी कधी माझ्या तोंडात आयता शब्द घातला नाही.

मग एके शनिवारी चेंडू सगळ्यात शेवटी माझ्याकडे आला. शेजारी ज्ञाना. शाळा सुटायची वेळ झाली होती. बाई थांबल्या. घंटा झाली तरी थांबल्या. पोरं एकेक करून उठली, दप्तरं घेऊन गेली; चार-पाच जण उरले. मी कितीतरी वेळ चेंडूच्या चिंध्या मोजल्यासारखी चाचपत होते, आणि मग म्हणाले, "गुपचूप देणारा ज्ञाना." माझाच आवाज मला परका वाटला. "पुरावा?" बाईंनी हळूच विचारलं. मी सांगितलं. शबानाचे अब्बा वारल्यापासून ज्ञाना रोज सकाळी तिच्या खिडकीत बोरं नाहीतर पेरू ठेवतो आणि पळून जातो. आमचं घर समोरच, मी पाहिलंय. ज्ञाना लाजून लाल झाला, नियम होता म्हणून गप्प बसला. शबाना त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाटायचं मामू ठेवून जातात.

त्या दुपारी मी हापशावर पाणी आणायला गेले तर बाई शाळेच्या ओसरीवर एकट्या बसून डबा खात होत्या. मी विचारलं, "बाई, तुमी गेल्या न्हाईत?" म्हणाल्या, "गाडी गेली. आता संध्याकाळची." मी ओशाळले. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. तुझा शब्द आला ना?" घरी जाताना माझ्या डोक्यावरची कळशी सांडत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आता ते सांगते, जे सांगताना मला आजही राग येतो. बाई आमच्या शाळेत येण्याआधीच त्यांचे यजमान गेले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाई रुजू झाल्या त्याच उन्हाळ्यात शाळेचा हापसा आटला आणि आधीचे गुरुजी मोटारसायकलवरून पडून पाय मोडून बसले. एवढं गावाला पुरलं. आमच्या बाईंना गावातल्या बायका 'पांढऱ्या पायाची' म्हणू लागल्या. ज्ञानाची आजी, गोदाआजी, ह्यात सगळ्यात पुढं. बाई पोरांची हजेरी विचारायला घरोघर जायच्या तेव्हा आजी त्यांना अंगणातच उभं करायची. संक्रांतीच्या वाणाला सगळ्या गावाला बोलावणं, बाईंना नाही. आणि त्या वर्षी पावसानं ओढ दिली, तशी कुजबुजीची मागणी झाली. ह्या बाई बदलून द्या, असं तालुक्याला कळवायचं ठरत होतं. शाळा समितीचे अध्यक्ष ज्ञानाचे वडीलच होते. सोमवारी बैठक बसणार होती. हे सगळं बाईंना ठाऊक होतं, आणि त्या आदल्या शनिवारीही चेंडू घेऊन लिंबाखाली येऊन बसल्या.

त्या दिवशी बाई ज्ञानाच्या शेजारी बसल्या होत्या. चेंडू त्याच्याकडे आला आणि त्यानं म्हटलं, "पांढऱ्या पायाच्या बाई." त्याला अर्थ नीट माहीत होता असं मला वाटत नाही. घरात रोज कानावर पडणारा शब्द, जिभेवर येऊन बसला असेल. पण मोठ्या पोरांना माहीत होता. गोल एकदम गार पडला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू आधी होतं तिथंच राहिलं, पण हात मांडीवर येऊन एकमेकांत अडकले. त्यांनी रागवायला हवं होतं. उठून जायला हवं होतं. पण विशेषण त्यांचं चाललं होतं, आणि ज्याचं चाललंय त्यानं बोलायचं नाही. बाई नियमानं गप्प बसल्या.

कुणी पुरावा मागेना. तेव्हा मीच म्हणाले, "पुरावा?"

एवढा मोठा आवाज माझ्यातून निघाला होता की लिंबावरचा कावळा उडाला. ज्ञाना गडबडला. म्हणाला, "आज्जी म्हणती. बाई आल्या आन् हापसा आटला." नामा म्हणाला, "आमच्या रानातल्या आखाड्यावरची हीर बी आटली. बाई कवा आल्या तिथं?" ज्ञाना म्हणाला, "गुरुजी पडले." कुणीतरी म्हणालं, "गुरुजी तर जिंतूरला पडले. बाई हितं होत्या, आमाला पाढे घालायल्या होत्या." एका लहानग्यानं बाईंच्या पायांकडं बोट दाखवलं, "पाय तर मातीनं काळे हायत." त्याला मोठ्या पोरांनी दटावलं, रंगाचं कुणी विचारलेलं नाही. ज्ञानाचा आवाज बारीक झाला. "त्यांचे मालक वारले म्हनून."

शबाना ताडकन म्हणाली, "आमचे अब्बा बी वारले. मंग आमच्या अम्मीचे पाय बी पांढरे का?"

ज्ञानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई," तो म्हणाला. "अम्मीचे न्हाई."

"मंग बाईचे कामून?"

ज्ञानानं चेंडू छातीशी धरला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच म्हणाला, "नाकबूल." मग आम्ही ओरडलो. असं ओरडलो की वर्गातून मुख्याध्यापक धावत बाहेर आले. आपल्या गोलाचा मला जेवढा अभिमान त्या क्षणी वाटला तेवढा पुढं कशाचाच वाटला नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. गलका थांबल्यावर बाईंनी मांडीवरचे हात सोडवले आणि म्हणाल्या, "हा शब्द गेला. माझी जागा रिकामी झाली. दुसरा आणा, पण पुराव्यासकट. घाई नाही." नंतर नाक ओढून म्हणाल्या, "चला, तुरट राजा कुठं होता?"

पोरं घरोघर गेली ती पुरावा मागतच. ज्ञानानं आजीला विचारलं आणि आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या घरी पोरीनं आईला विचारलं, तिसऱ्या घरी पोरानं काकाला. रविवारभर गावात दुसरा विषय नव्हता. सोमवारी बैठक बसली, तेव्हा ज्ञानाचे वडील डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "घरचंच पोरगं पुरावा मागायलंय, मंग तालुक्याचे सायेब मागणार न्हाईत का? काय सांगावं मी त्यांना, हीर आटली म्हनून बाई बदला?" लोक हसले, चहा झाला आणि बैठक मोडली. पण गोदाआजीनं बाईंना अंगणाच्या आत कधी घेतलं नाही. बाईंनीही कधी उंबऱ्याकडं पाहिलं नाही, अंगणात उभं राहूनच हजेरी विचारत राहिल्या.

बाईंची जागा भरायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. आम्ही गेलो, मागची पोरं आली, त्यांनीही केला. प्रेमळ म्हटलं तर नामाच्या धाकट्या भावानं आडवा पाय घातला, "परवा मला उभं केलं व्हतं." हुशार म्हटलं तर पुरावा म्हणून कुणाला पाढ्यांच्या पलीकडचं काही सांगता येईना. बाई दर वेळी गप्प बसून ऐकायच्या आणि नाकबूल झालं की खूश व्हायच्या. मला स्वतःला चौथी संपता संपता गोलानं 'ऐकून घेणारी मंगल' केलं. पुरावा एवढाच, की तुरट राजाची वर्षभराची गोष्ट फक्त मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती.

आज मी परभणीला दवाखान्यात नर्स आहे. पेशंट येतो, म्हणतो, "सिस्टर, लय दुखायलंय." मी विचारते, "कसं?" तो आधी माझ्याकडे बघतो. दुखतं म्हणजे दुखतं, त्यात कसं काय? मी थांबते. मग एकेक शब्द यायला लागतो. ठसठसतंय. चरचरतंय. चमक मारती आन् जाती. कुनीतरी आतून पिळल्यावानी. एका म्हाताऱ्या बाबांनी बऱ्याच वेळानं सांगितलं होतं, "बाई, छातीवर कुनी पोतं ठिवल्यावानी वाटायलंय." आम्ही त्यांना तिथून तसंच डॉक्टरांकडे पळवलं, आणि ते बाबा बरे होऊन चालत घरी गेले. 'लय दुखायलंय' एवढंच कागदावर गेलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा मी विचार करत नाही. आमचे डॉक्टर वॉर्डात शिरले की आधी मला विचारतात, "मंगलताई, काय म्हणतोय पेशंट?" मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी झाकून ठेवत नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही सगळे गावी गेलो. शाळेच्या मैदानात मांडव, आणि मांडवाच्या तोंडावर फ्लेक्स. हल्ली आपल्याकडे फ्लेक्सवर ज्याला त्याला विशेषणं चिकटवतात. वाढदिवस असलेला प्रत्येक पोरगा धडाडीचा आणि लाडका असतो, कुणी त्याला पुरावा विचारत नाही. बाईंच्या फ्लेक्सवर उपक्रमशील, कर्तव्यदक्ष, विद्यार्थीप्रिय आणि आदर्श, अशी चार विशेषणं होती. बाई खाली उभ्या राहून ते वाचत होत्या. मला म्हणाल्या, "फोटो बदलला की झालं. शब्द दुकानात तयारच असतात का गं?" मी म्हटलं, "बाई, आज तरी भांडू नका." म्हणाल्या, "बरं." त्या 'बरं'चा काही भरवसा नव्हता.

भाषणं झाली. मग ज्ञाना आजीला हाताला धरून माइककडे घेऊन आला. ज्ञाना आता सेलूच्या बाजारात कापूस नेणारा टेम्पो चालवतो, आणि गोदाआजी इतकी वाकलीय की माइक खाली करावा लागला. आजी म्हणाली, "म्हातारी हाय म्या, लय बोलत न्हाई. पर आमच्या बाई लय चांगल्या पायगुनाच्या. त्यायचे पाय लागले आन् गावाचं भलं झालं." मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. आजी इतक्या वर्षांनी सगळ्या गावासमोर आपला शब्द फिरवत होती, आणि ते करायला तिला किती जड गेलं असेल ते आम्हाला कळत होतं. माझे डोळे भरून आले.

बाई उठल्या. माइकजवळ आल्या. "हा गोल नाही म्हणून बोलते," म्हणाल्या. "आजी, पुरावा?"

टाळ्या थांबल्या. आजी दचकली, पण मागं हटली नाही. "शाळंला खोल्या झाल्या. पोरी शिकल्या. ह्ये शबाना वकील झाली. आमच्या ज्ञान्याचा टेम्पो झाला."

"खोल्या गावानं बांधल्या," बाई म्हणाल्या. "पोरी शिकल्या त्या स्वतःच्या डोक्यानं, आणि ज्ञानानं रात्रंदिवस कष्ट केले. माझ्या पायांचं त्यात काही नाही, आजी. तेव्हाही नव्हतं, आताही नाही."

आजीनं मान वर करून विचारलं, "मंग ह्ये बी नाकबूल का?"

"हेही नाकबूल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आजीचा हात हातात घेतला. दोघी हसत होत्या आणि दोघींचे डोळे वाहत होते. आजीला त्यांनी आपल्याच खुर्चीवर बसवलं.

"गोल करा रे!" ज्ञाना ओरडला. खुर्च्या बाजूला झाल्या. नव्या साड्या, इस्त्रीच्या पँटी, कडेवरची लेकरं, सगळ्यांसकट आम्ही लिंबाखाली मातीत बसलो. चेंडू नव्हता, तर नामानं स्वतःच्या डोक्यावरचा सत्काराचा फेटा सोडून त्याचा गोळा केला. मधोमध नाही, नेहमीसारख्या आमच्यातच बाई बसल्या, माझ्या शेजारी. त्यांनी आधीच बजावलं होतं की शेवटच्या दिवशीही त्या पिंगळीवरून गाडीनंच जाणार, ज्या वाटेनं आल्या त्याच वाटेनं. टमटमवाला फाट्यावर थांबला होता.

फेट्याचा चेंडू फिरत फिरत माझ्याकडे आला आणि मी परत तिसरीतली झाले. पाच-सहा शब्द दारात, आणि एकही बाहेर निघेना. मोठी माणसं घड्याळं बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "मंगल, बोल की माय. बाईची गाडी चुकंल."

"चुकू दे," बाई म्हणाल्या. "तिचा शब्द वाटेत आहे."

आणि शब्द आला. मी म्हणाले, "थांबणाऱ्या बाई."

"पुरावा?" सगळा गोल एका आवाजात ओरडला, आणि बाई नियमाप्रमाणे गप्प झाल्या.

मी सांगितलं. एका शनिवारी माझा एक शब्द यावा म्हणून बाईंनी दुपारची गाडी जाऊ दिली आणि ओसरीवर एकट्या बसून डबा खाल्ला. गाव त्यांना घालवायला निघालं तेव्हा त्या थांबल्या. त्यांची रिकामी जागा त्यांनी कुठल्याही शब्दानं भरू दिली नाही, खरा शब्द येईपर्यंत थांबल्या. "आणि तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेलाच पुरावा पाहिजे ना?" मी म्हणाले. "घड्याळ बघा. संध्याकाळची गाडी आत्ताच पिंगळीहून सुटली."

शबाना म्हणाली कबूल. नामा म्हणाला, ज्ञाना म्हणाला. लेकरं कळो न कळो म्हणाली. लिंबाखाली एकच गलका झाला. बाई मान खाली घालून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, आणि बोलायची मुभा असती तरी त्यांना बोलता आलं असतं असं मला वाटत नाही. गलका ओसरला, तरी त्यांनी मान वर केली नाही. जणू अजून कुणीतरी राहिलं होतं.

मागं खुर्चीवर गोदाआजी बसली होती. तिला कमी ऐकू येतं, ज्ञानानं तिच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं, दुपारच्या गाडीचं, ओसरीवरच्या डब्याचं, सगळं. बाई थांबल्या होत्या. आम्हीही थांबलो. मग आजीनं काठी जमिनीवर टेकवली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कबूल हाय."